फुप्फुस बदलल्यानंतर रिपोर्टवर 'क्लॅड, बीओएस की आरएएस?' असं लिहून आलंय. फरक काय, आणि आता काय विचारायचं?

करवीरची_सून

नमस्कार मंडळी. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, घरचं गुऱ्हाळ. चिपाडाच्या ढिगाची धूळ आणि बुरशी वर्षानुवर्षं नाकातोंडात जाऊन आमच्या ह्यांची फुप्फुसं निकामी झाली. आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. ऑक्सिजन लावून बसायचे. शेवटी चेन्नईत दोन्ही फुप्फुसं बदलली. तिसरं वर्ष चालू आहे. मधला काळ देवाच्या कृपेनं चांगला गेला, जोतिबाला पायऱ्या चढून आले होते.

कोजागिरीच्या सुमारास सर्दी-खोकला झाला. खोकला गेला, पण घरी फुंकायचं जे मशीन आहे त्यावरचा आकडा काही वर येईना. एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, पूर्वी २.८० लिटर असायचा, आता २.१० वर अडकलाय. एफव्हीसी, म्हणजे एका दमात फुंकलेली एकूण हवा, ३.५० होती, ती २.६० झाली. महिना उलटून गेला. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखायच्या गोळीची) रक्तातली लेव्हल, सीटी आणि मग ब्रॉन्कोस्कोपीसाठी (श्वासनळीत दुर्बीण घालून तपासायला) यायला सांगितलं. कागदावर लिहिलंय, 'प्रोबेबल क्लॅड. बीओएस / आरएएस?'

मुलगा रात्रभर मोबाईलवर वाचत बसला आणि सकाळी डोळे लाल करून म्हणाला, "आई, दोन्ही म्हणजे क्रॉनिक रिजेक्शनच, शरीर नवं फुप्फुस हळूहळू नाकारतंय." मग दोन नावं कशाला? औषध वेगळं असतं का? पहिल्या वर्षी एकदा रिजेक्शन झालं होतं, तेव्हा तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं आणि माणूस चालत घरी आला. तसंच आता का नाही करत? आणि गोळीची वेळ मी एकदाही चुकू दिलेली नाही, घड्याळ लावून देते. तरी रिजेक्शन होतंच कसं?

जाऊबाई रोज गुळवेलीचा काढा घेऊन दारात उभ्या. नाही म्हटलं की रुसतात. सीटी कोल्हापुरात करून पाठवला तर चालेल का तेही सांगा. गोड बोलू नका, सरळ सांगा.

---

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

वहिनी, रामराम. सरळच सांगतो, मला गोड बोलता येत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, होतो. वाळूच्या धुळीनं सिलिकोसिस झाला, दोन्ही फुप्फुसं बदलली. माझंही एफईव्ही असंच घसरलं आणि मला बीओएस निघाला. म्हणून त्यातलं थोडं कळतं. डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही.

पहिल्यांदा ते पहिल्या वर्षीचं रिजेक्शन डोक्यातून काढा. तो वेगळा प्रकार. त्यात शरीरातल्या पेशी नव्या फुप्फुसावर चालून येतात, सूज येते, स्टिरॉइडचा मारा केला की शांत होतात. क्रॉनिकमध्ये सूज कमी आणि व्रण जास्त. व्रण धरून बसलेली जागा स्टिरॉइडनं मऊ होत नाही. म्हणून यावेळी तीन दिवसांच्या सलाइनची फार आशा धरू नका. ब्रॉन्कोस्कोपीत जुन्या प्रकारचं रिजेक्शनही सापडलं तर ते देतील, ती गोष्ट निराळी.

आता दोन नावं. आमच्याकडं पूर्वी भट्टीला भाता असायचा. भात्याची नळी बुजत गेली तर बीओएस, आणि भात्याचं कातडंच वाळून आखडलं तर आरएएस. बीओएसमध्ये बारीक श्वासनळ्या व्रणानं अरुंद होतात. हवा आत जाते, बाहेर यायला नाटकं करते. आरएएसमध्ये फुप्फुस स्वतःच आकसतं, हवा आत मावतच नाही. क्लॅड, म्हणजे बदललेल्या फुप्फुसाचं काम कायमचं खालावणं, हे वरचं आडनाव, त्या घरात हे दोघे भाऊ. दोघांची लक्षणं एकत्र असली तर मिक्स्ड म्हणतात, आणि कशातच नीट बसत नसेल तर अनडिफाइंड. भाऊ बदलतातही: आज बीओएस असलेल्याचं पुढं मिक्स्ड झालेलं मी पाहिलंय.

गोळ्या वेळेवर देऊनही का झालं, हा प्रश्न मी रडून रडून विचारला होता. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की किडनी-लिव्हर पोटात झाकलेलं असतं, फुप्फुस उघड्यावर. प्रत्येक श्वासाला धूर, धूळ, व्हायरस सगळं आत. वर रात्री झोपेत पोटातलं ॲसिड घशातून आत झिरपतं. एवढं सगळं सोसून शरीर दुरुस्ती करत राहतं आणि दुरुस्तीच जास्त होऊन बसते. गोळ्या पेशींना बऱ्यापैकी आवरतात, पण शरीर दात्याच्या फुप्फुसाविरुद्ध अँटीबॉडी तयार करायला लागलं तर त्यांना आवरायला कमी पडतात. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना क्लॅड होतो. तुमचं घड्याळ चुकलेलं नाही, हे आधी मनाला सांगा.

माझं म्हणाल तर मला ॲझिथ्रोमायसिन सुरू केली, आठवड्यातून तीनदा. ही गोळी घशाच्या इन्फेक्शनवर देतात तीच, पण इथं ती सूज कमी करायला असते. काहींचा आकडा तिच्यावर चांगला वर येतो. दोनेक महिने देऊन बघतात. दहा टक्के किंवा जास्त वर आला तर मूळ दुखणं खऱ्या अर्थानं क्लॅड नव्हतंच असं धरतात. माझा आकडा वर आला नाही, पण घसरायचा थांबला. बीओएसमध्ये असं होतं: धपकन पडतो आणि मग बरेच दिवस एका पायरीवर बसून राहतो. मी त्या पायरीवर बसलोय. रंकाळ्याला एक फेरी होते, मध्ये दोनदा बाकावर टेकून.

काढा बंद. जाऊबाईंना माझं नाव सांगा हवं तर. आम्ही महागाच्या गोळ्या खाऊन प्रतिकारशक्ती खाली दाबून ठेवायची आणि गुळवेल घालून ती उठवायची, हा कुठला न्याय? गंगावेशीतलं धारोष्ण दूधही बंद, हे तुम्हाला आधीच सांगितलं असेल. पपनस घरात आणू नका, टॅक्रोलिमसची लेव्हल त्यानं भलतीच चढते. आणि हंगाम चालू असेल तर मालकांना गुऱ्हाळाकडं फिरकू देऊ नका. हिशोबालासुद्धा नाही. ज्या धुळीनं जुनी फुप्फुसं गेली ती नव्यांना ओळख दाखवायची राहणार नाही.

---

पीएफटी_ताई_राजारामपुरी

मी राजारामपुरीत एका लॅबमध्ये श्वासाच्या चाचण्या घेते. रोज लोकांना "जोरात, जोरात, अजून, अजून" ओरडून माझाच घसा बसतो. दादांनी भात्याचं छान सांगितलंय, मी फक्त आकड्यांकडे बघते.

ताई, २.१० भागिले २.६० करा. ०.८१ येतं. बीओएसमध्ये हे गुणोत्तर ०.७० च्या खाली जातं, कारण पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेपेक्षा जास्त कमी होते. तुमच्याकडे दोन्ही आकडे बरोबरीनं उतरलेत. म्हणूनच त्यांनी आरएएसचं प्रश्नचिन्ह टाकलं असणार. पण एवढ्यावरून आरएएस म्हणून बसू नका, कारण हाच आकार आणखी बऱ्याच गोष्टींत दिसतो. स्टिरॉइडनं वजन वाढून पोट वर आलं, छातीत पाणी साठलं, छाती-पोटामधल्या पडद्याचा स्नायू कमजोर झाला, किंवा माणसानं नीट फुंकलंच नाही. शेवटचं मी रोज बघते. खोकून दमलेला माणूस अर्ध्यात थांबतो आणि एफव्हीसी कमी दिसते.

नक्की करायचं तर टीएलसी मोजावी लागते, म्हणजे पूर्ण श्वास घेतल्यावर छातीत एकूण किती हवा मावते ते. ही फुंकून कळत नाही. काचेच्या केबिनमध्ये बसवून मोजतात, बॉडी बॉक्स म्हणतात त्याला. आमच्या लॅबला तो नाही. चेन्नईत ऑपरेशननंतर एकदा तरी मोजलेली असेल, जुन्या फाइलमध्ये शोधून ठेवा. त्या आकड्यापेक्षा टीएलसी दहा टक्के किंवा जास्त उतरली असेल आणि सीटीत पांढरे डाग टिकून असतील, तरच आरएएसचं नाव देतात. जुनी टीएलसी नसेल तर मग एफव्हीसीवर भागवतात.

दुसरं. इथल्या लॅबच्या रिपोर्टवर 'प्रेडिक्टेड' म्हणून टक्केवारी छापलेली असते. ती तुमच्या वयाच्या-उंचीच्या निरोगी माणसाशी केलेली तुलना. प्रत्यारोपणात तिचा काही उपयोग नाही. इथं माणसाची तुलना त्याच्याच सगळ्यात चांगल्या आकड्याशी करतात. ऑपरेशननंतरचे दोन सर्वोत्तम एफईव्ही-१ घ्यायचे, दोन्हींमध्ये किमान तीन आठवड्यांचं अंतर हवं, त्यांची सरासरी म्हणजे बेसलाइन. तुमची २.८० धरली तर २.१० म्हणजे बेसलाइनच्या ७५ टक्के. ८० च्या खाली गेल्यावरच क्लॅडचा विषय निघतो. ६६ ते ८० ही पहिली स्टेज, ५१ ते ६५ दुसरी, ३६ ते ५० तिसरी, ३५ आणि खाली चौथी. म्हणजे क्लॅड असलाच तरी आज तुम्ही पहिलीत आहात.

मुलाला सांगा, २०११ च्या आधीचं काही वाचत असेल तर त्यात सगळ्यालाच बीओएस म्हटलेलं सापडेल. बीओएस १९८४ मध्ये स्टॅनफर्डला हृदय-फुप्फुस एकत्र बदललेल्या रुग्णांमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आरएएस वेगळा काढला टोरांटोच्या लोकांनी, २०११ मध्ये. मी सांगतेय त्या व्याख्या २०१९ च्या आहेत, हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीनं ठरवलेल्या. पोरगा तीन काळांतलं एकत्र वाचून गोंधळला असेल.

सीटी कोल्हापुरात चालेल की नाही हे चेन्नईला विचारा. चालेल म्हणाले तर एक गोष्ट टेबलावर जायच्या आधी सांगायची: श्वास घेऊन एक आणि श्वास पूर्ण सोडून एक, असे दोन्ही स्कॅन हवेत. नेहमीच्या एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारीक सीटीत) सोडलेल्या श्वासाचा भाग पुष्कळदा करत नाहीत. बीओएसमध्ये अडकलेली हवा त्याच फोटोत दिसते: फुप्फुस काही ठिकाणी काळं, काही ठिकाणी करडं, गोधडीसारखे तुकडे. आणि फक्त रिपोर्टचा कागद पाठवू नका, सीडी किंवा लिंक मागून घ्या. कागदावर रेडिओलॉजिस्टनं काय लिहिलंय यापेक्षा तिथल्या लोकांना स्वतः चित्र बघायचं असतं.

---

गडहिंग्लजची_लेक

माझ्या बाबांना आरएएस होता. तुम्ही सरळ सांगा म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर अशा धाग्यांवर मी गप्प राहते.

आधी ताप आल्यासारखं, धाप, सीटीत वरच्या भागात पांढरे पट्टे. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक झाले. पट्टे गेले नाहीत, पुढच्या सीटीत ते आवळून आले आणि फुप्फुसाचं आवरण जाड झालेलं दिसलं. रक्तात दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. प्लाझ्मा (रक्तातलं पाणी) बदलला, आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या अँटीबॉडीचं सलाइन, दिली. ॲझिथ्रोचा काही फरक पडला नाही. बीओएससारखी पायरी आमच्या वाट्याला आली नाही, उतारच होता. वर्षभरात बाबा गेले.

आम्हाला सांगितलेले आकडे असे होते, की बीओएसचं निदान झाल्यापासून निम्मे रुग्ण तीन ते पाच वर्षं काढतात, आरएएसमध्ये एक ते दोन. हे ऐकून आईनं डॉक्टरांशी बोलणंच सोडलं. पण मला ते कळल्याचा उपयोग झाला. पुन्हा प्रत्यारोपणाचा विषय आम्ही वेळेत काढला. उत्तर नाही आलं, तरी विचारायचं राहिलं नाही. आणि धाप कमी करायला पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांनी अगदी थोड्या डोसमध्ये मॉर्फिन दिलं. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. बाबा शेवटचे महिने बसून जेवू शकले ते त्याच्यामुळं.

काकूंना भीती घालायची नाही. कागदावर अजून प्रश्नचिन्ह आहे. फक्त एवढं, की डीएसए, म्हणजे दात्याविरुद्धच्या त्याच अँटीबॉडी, तपासल्या का, हे नक्की विचारा.

---

सांगलीचा_छातीवाला

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, प्रत्यारोपण करत नाही, पण असे काही रुग्ण मधल्या काळात माझ्याकडे येतात. वरचं बहुतेक बरोबर आहे. थोडी भर.

'प्रोबेबल' हा शब्द उगाच नाही. घसरण तीन आठवड्यांच्या आतली असेल तर 'पॉसिबल', तीन आठवडे ते तीन महिने 'प्रोबेबल', आणि इतर सगळी कारणं तपासून-उपचार करून तीन महिन्यांनंतरही आकडा खालीच राहिला तर 'डेफिनिट'. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी अजून दार बंद केलेलं नाही. ब्रॉन्कोस्कोपी त्यासाठीच आहे: इन्फेक्शन, ॲस्परजिलस ही बुरशी, सीएमव्ही हा व्हायरस, तीव्र (पहिल्या वर्षीसारखं) रिजेक्शन, नळी जोडली त्या ठिकाणी झालेलं आकुंचन, हे सगळं बघायचं असतं. यातलं काही सापडलं तर उपचार करता येतो. कोजागिरीच्या सर्दीचा व्हायरसही हिशोबात धरावा लागेल. तुमच्या केसमध्ये मूळ आजार परत येऊ शकतो हेही ध्यानात ठेवा, त्यामुळे गुऱ्हाळाबद्दल जे वर लिहिलंय ते मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं.

औषधाचं. बीओएसमध्ये ॲझिथ्रो, काही ठिकाणी मॉन्टेलुकास्ट, रिजेक्शन रोखायला सायक्लोस्पोरिनवर असेल तर टॅक्रोलिमसवर बदल, ॲसिड वर येत असेल तर त्याचा बंदोबस्त, कधी त्यासाठी शस्त्रक्रिया. पुढे फोटोफेरेसिस आहे. रक्त बाहेर काढून पांढऱ्या पेशींवर औषध आणि अतिनील किरणांचा उपचार करून परत शरीरात सोडतात. बीओएसमध्ये घसरण मंदावते, आरएएसमध्ये फायदा कमी दिसतो. आरएएसवर खात्रीचं औषध आज नाही. म्हणून कोणता प्रकार आहे हे कळणं महत्त्वाचं. ज्याचा उपयोग नाही असं दाबणारं औषध वाढवत नेलं तर फायदा शून्य आणि इन्फेक्शन मात्र दारात.

आणि एक कळकळीची विनंती. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिली तर घेऊ नका. ॲझिथ्रोची बहीण वाटते, पण टॅक्रोलिमसची लेव्हल इतकी वाढवते की किडनीला मार बसतो. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल या बुरशीवरच्या गोळ्यांचंही तेच. टीबीची रिफाम्पिसिन उलटं करते, लेव्हल तळाला नेते. कुणीही नवी गोळी दिली की आधी चेन्नईच्या कोऑर्डिनेटरला फोटो पाठवा, मग पाणी हातात घ्या. ॲझिथ्रो सुरू करायच्या आधी ईसीजी काढतात, तो मागून घ्या.

---

करवीरची_सून

सगळ्यांचे उपकार झाले. गडहिंग्लजच्या लेकी, तू लिहिलंस ते मी ह्यांना वाचून दाखवलं नाही, पण मी दोनदा वाचलं. बरं झालं लिहिलंस.

सीटी शहरात झाला. चेन्नईनं चालेल म्हटलं होतं. पीएफटी ताईंनी सांगितलं तसं आधीच सांगितलं. तिथला मुलगा म्हणाला, "कागदावर लिहिलेलं नाही, आम्ही नाही करत." मग मी चेन्नईच्या मॅडमना तिथूनच फोन लावून त्याच्या कानाला दिला. केला मग. लिंक पाठवली. डॉक्टर म्हणाले वरच्या भागात पांढरं काही नाही, सोडलेल्या श्वासात थोडी हवा अडकलेली दिसते, टीएलसी इथं आल्यावर मोजू आणि अँटीबॉडीचं रक्तही इथंच घेऊ. वजन सहा किलो वाढलंय त्यावरून मला बोलणी बसली. रात्रीचा पांढरा रस्सा बंद झाला, ह्यांचं तोंड एवढंसं झालंय.

जाऊबाईंना काढ्याचं सांगितलं. फाउंड्रीवाल्या भाऊजींचं नाव घेतलं. म्हणाल्या, "कोण हा?"

परवा निघतोय. बेळगाव-बंगळुरूमार्गे गाडीनं जाऊ, थांबत थांबत. रक्त सकाळी पोहोचल्या पोहोचल्या घेणार आहेत. नेताना काही लक्षात ठेवायचं का?

---

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

कोण हा म्हणाल्या! सांगा, शिरोलीचा भाऊ आहे म्हणून.

वहिनी, रक्त घ्यायच्या दिवशी सकाळची टॅक्रोलिमस द्यायची नाही. आदल्या रात्रीची नेहमीच्या वेळेला द्या. सकाळी रक्त काढून झालं की लगेच तिथंच गोळी तोंडात. तुमची सवय घड्याळाची, हात आपोआप डबीकडं जाईल. गोळी दिल्यावर रक्त काढलं तर लेव्हल खोटी वर दाखवते आणि त्यावर डोस कमी करून बसतात. आणि रात्रीची गोळी किती वाजता दिली ते कागदावर लिहून न्या, तिथं विचारतात.

गोळ्या डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, हातातल्या पिशवीत. परतायला उशीर झाला तर आठवडाभर पुरतील एवढ्या जास्तीच्या घ्या. फुंकायचं मशीन बरोबर न्या. त्यांच्या मोठ्या मशीनवर आणि तुमच्या छोट्यावर एकाच दिवशी फुंकून घ्या, म्हणजे दोन्हींत किती फरक पडतो ते कळेल आणि घरी आल्यावर उगाच धडकी भरणार नाही. हायवेच्या ढाब्यावर कापून ठेवलेली काकडी-कांदा नको, गरम गरम समोर केलेलं तेवढंच. एन-९५ गाडीतून उतरताना लावायचा.

टीएलसीचा आकडा आला की इथं टाका.